केंसाएवढी वाट

परोपकार करण्याची संधि चालून आली म्हणजे मनुष्याच्या अंगीं जो एक प्रकारचा उत्साह संचरतो, त्यांत विचाराला फारशी जागा उरत नाहीं. हा सिद्धान्त आम्ही कोणा ग्रंथकाराच्या आधारानें मांडीत नसून स्वानुभवानें मांडीत आहों. आणि तो अनुभव आम्हांस आला असला, तरी त्याची किंमत मोजली ती वैशाखऱ्याच्या एका वृद्ध शेतकऱ्यानें. आठ हजार रुपये आणि गोठ्यांतील एक पारडी, एवढी ती किंमत होती.

कल्याणाहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता टोकावडें मागें टाकून पुढें सरकला कीं, सह्याद्रीची भिंत एकदम अंगावर आल्यासारखी वाटते. त्या भिंतीच्या पायथ्याशीं वैशाखरें आहे. येथूनच नाणेघाटाची पायवाट चढूं लागते. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या अमदानींत, खडक फोडून ही वाट केली. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच खिंडींतून जुन्नराकडे जात असे. माथ्यावरच्या लेण्यांतील नागनिका राणीचा शिलालेख, त्यांतील ब्राह्मी अंक आणि जकातीचीं नाणीं टाकण्यासाठीं ठेविला म्हणून सांगतात तो दगडी रांजण, हीं पाहण्यास आज पुष्कळ हौशी मंडळी पावसाळ्यांत येतात. आमचें त्या गांवाशीं असलेलें नातें मात्र शिलालेखाचें नाहीं. तरुणपणीं तीन वर्षें आम्ही तेथें शाळामास्तर होतों, आणि ज्यांच्या पडवींत आम्हीं तीं वर्षें काढिलीं, त्या घराशीं आमचा ऋणानुबंध अद्याप सुटलेला नाहीं. त्या घरचे कर्ते पुरुष आतां सत्तरी ओलांडून गेले आहेत. सारा गांव त्यांस ‘बाबा’ म्हणतो, आणि ते आम्हांस अजून ‘मास्तर’च म्हणतात.

बाबांचीं मूत्रपिंडें दोन वर्षांपासून थकत चाललीं आहेत. डॉक्टरांनीं त्यांस दर महिन्यास रक्त तपासून घेण्याची आज्ञा केली आहे. कारण मूत्रपिंडें नीट चालेनाशीं झालीं म्हणजे रक्तांतील पोटॅशियम वाढतें, आणि तें फार वाढलें तर चालतें हृदय एकाएकीं थांबूं शकतें. निरोगी मनुष्याच्या रक्तांत हें द्रव्य साडेतीन ते पांच या मापांत असावें लागतें. गेल्या वर्षीच्या श्रावणांत आम्ही दोन दिवस बाबांकडे राहून परत निघालों होतों. त्याच सकाळीं सात वाजतां परिचारिकाबाईंनीं त्यांचें रक्त काढिलें. परंतु रक्ताच्या कुप्या शहरांत पोंचविणारा मुलगा पावसामुळें आला नाहीं. “त्यांत काय? आम्ही कल्याणासच चाललों आहों, आम्ही नेतों,” असें आम्ही मोठ्या उत्साहानें म्हणालों. इतकेंच करून आम्ही थांबलों नाहीं. दूध नासतें, मासळी नासते, तेव्हां रक्तही नासत असेल, असा तर्क लढवून आम्हीं चहाच्या दुकानांतून बर्फ मागविला, कुपी त्यांत नीट गुंडाळिली आणि आपल्या दक्षतेवर खूष होत्साते गाडींत बसलों.

वाटेंत झाड पडून रस्ता बंद झाला. कल्याणास पोंचतां पोंचतां दिवेलागण झाली. ज्या तपासणीगृहांत आम्हीं कुपी दिली, तेथील माणसानें रक्त केव्हां काढिलें हें विचारलें नाहीं, आणि आम्हांसही सांगावेंसें वाटलें नाहीं. कुपी रात्रभर शीतकपाटांत राहिली. दुसऱ्या दिवशीं दुपारीं वैशाखऱ्यास दूरध्वनि गेला कीं, पोटॅशियम सहा पूर्णांक नऊ भरलें आहे, रोग्यास ताबडतोब मोठ्या रुग्णालयांत न्या.

त्या रात्रीं त्या घरांत काय झालें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. जीप ठरवावी लागली. पैशाची जुळवाजुळव करण्यासाठीं शेजाऱ्यानें पारडी पदरांत घेतली, ती अर्थातच पडत्या भावानें. बाबांच्या सूनबाईंनीं देवापुढें दिवा लावून ठेविला, आणि धाकटा नातू जीपच्या मागें धांवत रस्त्यापर्यंत आला. कल्याणास आम्ही रुग्णालयाच्या दारांत उभे होतों. पहांटे पुन्हां रक्त घेतलें व लगोलग तपासलें. पोटॅशियम निघालें चार पूर्णांक चार. बाबांच्या प्रकृतींत रतीमात्र फरक झालेला नव्हता.

तेथील डॉक्टर तरुण व सौजन्यशील होते. त्यांनीं आम्हांस बाजूला घेऊन जें सांगितलें, त्याचा सारांश असा: रक्तांतील तांबड्या पेशींच्या पोटांत पोटॅशियमचा मोठा साठा असतो, भोंवतालच्या रक्तरसांत जेवढें असतें, त्याच्या वीस पटींहून अधिक तें आंत असतें. हा साठा आंत ठेवण्यासाठीं पेशींच्या आवरणांत पंपासारखी एक योजना अहोरात्र चालू असते. रक्त गार केलें कीं तो पंप मंदावतो, आणि आंतलें पोटॅशियम हळूहळू बाहेर पाझरूं लागतें. पेशी आणि रक्तरस वेळेवर निराळे केले असतील तर गोष्ट वेगळी; परंतु अख्खें रक्त रात्रभर थंडींत राहिलें, तर तपासणींत दिसणारा आंकडा रोग्याचा नसून कुपीचा असतो. “आणि बर्फ कोणी घातला होता?” असें त्यांनीं सहज विचारलें. आम्हीं उत्तर दिलें. परंतु तें देतांना आमची मान वर नव्हती.

बाबांस आम्हीं सारें सांगितलें व झालेला खर्च देऊं केला. त्यांनीं हात जोडले आणि म्हणाले, “मास्तर, बर्फ घातलात तो काळजीनंच ना? मग झालं.” ते आमच्यावर रागावले असते तर आम्हांस अधिक बरें वाटलें असतें.

आमचा एक भाचा पुण्यास रसायनशास्त्राचा अभ्यास करतो. त्रिमिति-मुद्रणानें, म्हणजे ज्यास सर्वत्र थ्री-डी प्रिंटिंग म्हणतात त्या युक्तीनें, केंसासारख्या बारीक वाहिन्या असलेल्या पट्ट्या तयार करणें हा त्याचा विषय. या विषयाची आम्हीं आजवर घरांत थट्टाच केली होती. ‘पुस्तकें छापावयाचीं सोडून हा नळ्या छापतो,’ असें आम्ही पाहुण्यांस सांगत असूं. दिवाळींत तो घरीं आला, तेव्हां हा सारा प्रसंग आम्हीं त्यास सांगितला. तो पुष्कळ वेळ कांहीं बोलला नाहीं. नंतर म्हणाला, “मामा, आम्ही ज्यासाठीं खटपट करतों, तें हेंच. रक्ताला शहरापर्यंत प्रवास करावयास लावण्यापेक्षां प्रयोगशाळाच रक्ताकडे गेली पाहिजे.” त्या रात्रीं प्रथमच आम्हीं त्याच्या विद्येची नीट चौकशी केली, व जें समजलें तें आमच्यासारख्याच अनभिज्ञ वाचकांसाठीं येथें देत आहों.

तपासण्याची सारी सामग्री एका लहानशा चकतीवर आणावी, ही कल्पना आंद्रेआस मान्झ प्रभृति शास्त्रज्ञांनीं १९९० सालीं पद्धतशीर मांडली. अशा चकत्या करण्याची जुनी रीत मोठी खर्चाची होती. पुढें १९९८ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठांतील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या मंडळीनें साधी युक्ति रूढ केली: सिलिकॉनच्या तबकडीवर प्रकाशानें उठावाचा सांचा करावयाचा, त्यावर पातळ रबर ओतून तें घट्ट झालें कीं सोलून काढावयाचें, आणि कांचेवर चिकटवावयाचें. तथापि तो सांचा करण्यास धूळविरहित खोली लागते, आणि आंकणींत एक रेघ बदलली कीं सांचा पुन्हां पहिल्यापासून करावा लागतो.

त्रिमिति-मुद्रणाचा उपयोग येथें होतो. प्रकाशानें घट्ट होणारा द्रव थरावर थर गोठवून वस्तु घडविण्याची युक्ति जपानांत नागोया येथें हिदेओ कोदामा यांनीं १९८१ त प्रसिद्ध केली. अमेरिकेंत चार्ल्स हल यांनीं तिच्या पेटंटासाठीं १९८४ सालीं अर्ज केला व १९८६ त त्यांस तें मिळालें. भाच्याच्या यंत्रांत रेझिनची एक उथळ कुंडी असते. खालून प्रकाश पडतो आणि जेथें पडतो तेवढाच थर घट्ट होतो. एक थर पन्नास मायक्रॉनांचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढा. चार मिलिमीटर जाडीची पट्टी व्हावयास असे ऐंशीं थर लागतात. जेथें वाहिनी हवी तेथें प्रकाश पाडावयाचा नाहीं, म्हणजे पोकळी राहते. संध्याकाळीं आंकणी काढावी आणि सकाळीं वस्तु हातांत घ्यावी, असें तें काम आहे.

ऐकावयास हें सोपें वाटतें; परंतु पोकळीच्या छतासाठीं पाडलेला प्रकाश खालीं झिरपून पोकळींतला द्रवही घट्ट करतो, आणि वाहिनी बुजून बसते. अमेरिकेंतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठांत ग्रेगरी नॉर्डिन यांच्या मंडळीनें २०१७ त खास रेझिन व खास यंत्र करून अठरा मायक्रॉन रुंद व वीस मायक्रॉन उंच अशी वाहिनी छापली. मनुष्याच्या केंसापेक्षांही ती बरीच बारीक. भाच्याच्या वाहिन्या अर्ध्या मिलिमीटरच्या आहेत, आणि त्यांतील निम्म्या बुजतात, असें त्यानेंच कबूल केलें. शिवाय रेझिनचा अवशेष आंत राहिला तर तो जिवंत पेशींस बाधतो. या अडचणी सांगतांना त्याच्या चेहऱ्यावर खिन्नता नव्हती. चांगल्या सुताराला लाकडाच्या गांठीविषयीं बोलतांना जो एक प्रकारचा आदर वाटतो, तो होता.

अरुंद जागेंत पाण्याचा स्वभावच बदलतो, हें त्यानें सांगितलेलें आम्हांस सर्वांत नवल वाटलें. नदींत भोंवरे उठतात, भांड्यांत दूध-साखर ढवळली कीं एकजीव होते. परंतु केंसाएवढ्या वाटेंत भोंवरा उठूंच शकत नाहीं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनीं १८८३ त नळींतील प्रवाहांत रंगाची धार सोडून या भेदाचा अभ्यास केला होता. दोन धारा अशा वाटेंत शिरल्या तर त्या खांद्याला खांदा लावून चालतात, मिसळत नाहींत. मिसळणें होतें तें केवळ कणांच्या आपोआप पसरण्यानें. हें पसरणें अंतर वाढेल तसें फारच मंद होतें. शतांश सेंटिमीटर अंतर तुटावयास साखरेसारख्या लहान कणास दहा-पंधरा सेकंद पुरतात. तोच एक सेंटिमीटर जावयास दिवसाहून अधिक लागतो. म्हणून सूक्ष्म वाहिनींत काय, कोठें, किती वेळांत मिसळावें, हें सारें आंखून देतां येतें.

रसायनशास्त्रांत याचा दुसरा उपयोग आहे. मोठ्या कढईंत मधला भाग तापून करपतो, कारण त्याची उष्णता कडेपर्यंत पोंचत नाहीं. बारीक नळींत मध्य आणि कांठ यांत अंतरच नसतें. उष्णता भराभर निघून जाते, आणि कोणत्याही क्षणीं घातक द्रव्य असतें तें थोडेंसें असतें. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत अमोल कुलकर्णी यांनीं अशा अखंड वाहत्या विक्रियांवर पुष्कळ कार्य केलें असून, त्यांस २०२० चें भटनागर पारितोषिक मिळालें. ग्लासगोच्या ली क्रोनिन यांनीं तर २०१२ त विक्रियेचें पात्रच छापून काढून त्यांत संयुगें करून दाखविलीं. आम्ही कल्याणचे राहणारे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत २०१६ च्या व २०२४ च्या मे महिन्यांत जे स्फोट झाले, ते आम्हांस वर्तमानपत्रावरून कळले नाहींत. त्यांचीं कारणें ठरविण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु एका वेळीं थोडेंच द्रव्य हातीं धरावें, या विचाराचें महत्त्व आम्हांस कोणी पटवून देण्याची जरूर पडली नाहीं.

मार्गशीर्षांत भाच्याला घेऊन आम्ही वैशाखऱ्यास गेलों. भाताची झोडणी आटोपली होती. पडवींतल्या खुंटीवर त्यानें सुईवांचूनच्या दोन पिचकाऱ्या टांगल्या, एकींत तांबडी व एकींत निळी शाई घातली, आणि बारीक नळ्यांनीं त्या आपल्या पट्टीस जोडिल्या. यंत्र नाहीं, वीज नाहीं. उंचीच्या जोरानें शाई उतरूं लागली. एकाच वाहिनींत तांबडी आणि निळी अशा दोन धारा एकमेकींस लागून शेवटपर्यंत गेल्या आणि मधली रेघ जशीच्या तशी राहिली. पोरें अंगावर कोसळलीं. बाबांनीं चष्मा पुसून पुष्कळ वेळ पाहिलें व विचारलें, “यांतून रक्त कसं निराळं व्हायचं?”

भाच्यानें अंगणांत काठीनें एक वाहिनी काढिली व तिला बाजूस एक बारीक फांटा दाखविला. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें अमित अग्रवाल व त्यांचे सहकारी यांनीं अशाच फांट्यांच्या सूक्ष्म रचनेनें रक्तांतून रक्तरस वेगळा काढणारीं उपकरणें सिद्ध केलीं आहेत, असें त्यानें सांगितलें. बारीक वाहिनींत तांबड्या पेशी मध्यभागाकडे सरतात आणि कडेला बहुतेक निव्वळ रक्तरस राहतो. वाट जेथें फुटते, तेथें पेशी वेगाच्या वाटेस लागतात, आणि मंद फांट्यांत रक्तरस उतरतो. तो हें वर्णन शोभिवंत शब्दांत करीत असतांच बाबा म्हणाले, “म्हणजे पाटाचं पाणीच की. जोराची धार पाण्यावरला पालापाचोळा घेऊन जाते, अन् बाजूला हळू मोरी काढली तर खाचरांत नितळ पाणी येतं.” भाचा काठी तशीच हातांत धरून त्यांच्याकडे पाहत राहिला. पाटाचें पाणी आणि रक्त यांचे नियम सर्वस्वीं एक नाहींत, हें त्यानें मागाहून आम्हांस सांगितलें; परंतु इतक्या थोड्या शब्दांत आपणांस तें सांगतां आलें नसतें, हेंही त्यानें कबूल केलें.

मग बाबांनीं आपलें बोट पुढें केलें. “घे. माझंच रक्त घालून बघ.”

आमच्या मनांत आलें कीं, हा आतां घेणार. तरुण वय, समोर इतका विश्वास, आणि भोंवतीं इतकीं उत्सुक मुलें! परंतु त्यानें तें बोट दोन्ही हातांत धरून खालीं ठेविलें आणि म्हणाला, “नको, आजोबा. ही पट्टी अजून शाईपुरतीच आहे. हिच्यांतून निघालेला आंकडा खरा कीं खोटा, हें मला सांगतां येणार नाहीं. आणि खोट्या आंकड्यापायीं एकदां तुमची पारडी गेली आहे.”

बाबा हंसले. थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, “मग तोंवर?”

या दोन शब्दांस आम्हां दोघांपाशीं उत्तर नव्हतें. शोधांचीं वर्णनें आम्हीं पुष्कळ वाचिलीं आहेत. त्यांत ‘लवकरच’ हा शब्द सढळ हातानें वापरलेला असतो. परंतु ज्याला दर महिन्यास रक्त द्यावयाचें आहे, त्याला ‘लवकरच’ म्हणजे कोणता महिना, हें कोणी सांगत नाहीं. भाच्याला याची लाज वाटली असावी. कारण त्यानें परिचारिकाबाईंस बोलावून आणिलें आणि आहे त्या साधनांत काय करतां येईल याचा विचार सुरू केला. अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें मनु प्रकाश यांनीं दोरीनें फिरविण्याच्या मुलांच्या भिंगरीवरून कागदाची एक चकती बनविली आहे, ती दीड मिनिटांत रक्तरस वेगळा करते, असें २०१७ त प्रसिद्ध झालें होतें; तेंही त्यानें सांगितलें. तेव्हां पोरांनीं आपली गुंडीची भिंगरी आणून त्यास दाखविली. परंतु बाईंनीं व्यवहाराची गोष्ट काढिली: मुरबाडास रक्त फिरवून पेशी निराळ्या करणारें यंत्र आहे, कुपी तेथें वेळेवर पोंचली तर पुढें ती कोठेंही जाईना.

शेवटीं ठरलें तें इतकें साधें होतें कीं, त्याची हकीकत सांगण्यासही संकोच वाटतो. कुपीवर रक्त काढल्याची वेळ लिहावयाची. बर्फ घालावयाचा नाहीं. रक्त काढिल्याबरोबर बाबांच्या मुलानें दुचाकीवरून कुपी थेट मुरबाडास न्यावयाची, व ती यंत्रांत घातलेली पाहून परत यावयाचें. त्या दिवसापासून हा क्रम चालू आहे, आणि भलताच आंकडा पुन्हां आलेला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं भाचा नाणेघाट चढून गेला. आमचे गुडघे आतां ती वाट मानीत नाहींत. परत आल्यावर तो म्हणाला, “मामा, वरती खिंड अगदीं अरुंद आहे. तेथें किती माणसें गेलीं हें मोजणें सोपें. म्हणून जकात तेथें घेत असतील.” आम्हांस त्याचें बोलणें पटलें. मोकळ्या माळावर गर्दी मोजतां येत नाहीं. अरुंद वाटेंत एकेक जण आपोआप समोर येतो.

ती शाईची पट्टी सध्यां आमच्या मेजावर आहे. निळा व तांबडा रंग वाळून तिच्यांत कायमचे बसले आहेत. पाहुणे विचारतात, तेव्हां आम्ही थट्टा करीत नाहीं; भाच्याचें काम काय आहे तें सांगतों, आणि तें अजून पुरें झालेलें नाहीं हेंही सांगतों. वैशाखऱ्याहून आम्ही आतां कोणाचें कांहीं न्यावयाचें झालें, म्हणजे ‘हें कसें न्यावयाचें?’ असा प्रश्न आधीं विचारतों. शेजाऱ्यानें ती पारडी परत विकण्याचें नाकारलें; ती आतां गाभण आहे, असें बाबांनीं परवांच कळविलें.